दांडीवरून उंदीर का पडला?

प्रिय भाचीबाई,



तुझा सिनॉप्सिस वाचला. शंखपुष्पीच्या अर्काचा पांढऱ्या उंदरांवर होणारा शामक आणि स्नायुशिथिलक परिणाम, असा विषय. खाली गाईडची सही, एथिक्स कमिटीचा फॉर्म बी जोडलेला, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तुझं वाक्य: ‘आत्या, काय खटकतंय ते स्पष्ट सांग.’ सांगते. फोनवर ते नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायलाच बसले. तुझ्यासारखी कितीतरी मुलं-मुली आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांतून दरवर्षी हाच प्रयोग करतात. झाड तेवढं बदलतं. हे पत्र त्यांच्याही वाचनात आलं तर मला बरंच वाटेल, म्हणून वर तुझं नाव घातलेलं नाही.

मला खटकलं ते एकाच ठिकाणी. तू लिहिलंयस की रोटारॉडवरून उंदीर लवकर पडला तर त्याचे स्नायू शिथिल झाले असं समजायचं, आणि अ‍ॅक्टोफोटोमीटरवरचा हालचालींचा आकडा उतरला तर तो शांत झाला असं समजायचं. या समजण्यावर तुझा अख्खा थिसिस उभा राहणार आहे. तुझ्या डोळ्यांना दिसणार आहे ते एवढंच की उंदीर पडला, उंदीर कमी हिंडला. त्याच्या मनात आणि स्नायूत काय झालं ते तुला त्यावरून ठरवायचंय, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

रोटारॉड तू पाहिलायस. तीन सेंटिमीटर जाडीची खडबडीत दांडी, मिनिटाला वीस-पंचवीस फेरे घेणारी, मधे गोल तबकड्या लावून कप्पे पाडलेले. नव्या उंदराला त्यावर ठेवलं की तो पोटाशी धरून दांडीला मिठीच मारतो, शेपूट एका अंगाला टाकतो आणि एक-दोन गिरक्या दांडीबरोबर गोल फिरून येतो. मग त्याला उमगतं की दांडी जिकडे फिरते त्याच्या उलट चालत राहिलं तर वरच राहता येतं. सराव झाला की तो चालता चालता नाक उचलून हवा हुंगायला लागतो. मागचे पाय नीट टाकतोय का ते बघ. चांगल्या उंदराचा मागचा पंजा दांडीच्या माथ्यावर पडतो, औषधाने डळमळलेल्याचा बाजूला घसरतो. आणि काही उंदीर पक्के असतात. खालचा पत्रा फार लांब नाही हे त्यांच्या ध्यानात येतं आणि धडधाकट असताना ते खुशाल उडी मारतात. घड्याळाला उडी आणि पडणं यांतलं काही कळत नाही. ते तुला कळायला हवं, आणि वहीत त्याचा रकाना वेगळा हवा.

आता अर्क पाजल्यावर हाच उंदीर चाळीस सेकंदांत खाली आला असं धर. का आला? स्नायूंतला जोर गेला म्हणून येईल. गुंगी आली म्हणून येईल. जोर शाबूत, पण तोल सांभाळणारं लहान मेंदूचं काम बिघडलं म्हणून येईल. रक्तातली साखर उतरली, अंग गार पडलं, पोटात कळ आली, अर्क थोडा विषारी होता, अशा कशानेही येईल. आणि शिकलेलं विसरला म्हणूनही येईल. शंखपुष्पीसारख्या, स्मरणशक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत तर ही शेवटची शक्यता मोठी चमत्कारिक ठरेल!

डनहॅम आणि मिया या दोघांनी १९५७ साली या यंत्राबद्दल लिहिलं तेव्हा त्याचं काम अगदी साधं सांगितलं होतं: औषधामुळे जनावराच्या मज्जासंस्थेत काही उणेपण आलंय का ते ओळखणं. अपस्माराची नवी औषधं शोधणारे आजही ते तसंच वापरतात. ज्या मात्रेने झटके थांबतात ती एका बाजूला लिहितात आणि ज्या मात्रेने उंदीर दांडीवरून पडतो ती दुसऱ्या बाजूला, आणि या दुसरीला विषाची मात्रा म्हणतात. दोहोंत जितकं अंतर जास्त तितकं औषध चांगलं. तेव्हा एका प्रयोगशाळेत जे पडणं औषधाचा दोष म्हणून नोंदलं जातं, तेच शेजारच्या प्रयोगशाळेत वनस्पतीचा गुण म्हणून थिसिसमध्ये छापलं जातं. हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मुलांनी मेहनत खरी केलेली असते.

स्थिर पडलेला जीव निवांत असतोच असं नाही. आपल्या शास्त्राला हे फार महागात शिकावं लागलंय, म्हणून दोन जुन्या गोष्टी सांगते.

पहिली क्युरेरची. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाला लावायचं हे विष. क्लोद बर्नारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेडकांवर प्रयोग करून दाखवलं की मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो नेमकं तिथे ते काम करतं. १९४२ मध्ये माँट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेत वापरलं. पोटाचे स्नायू मऊ पडतात, सर्जनला हात घालायला सोपं जातं. भूल देणाऱ्यांचं सगळं तंत्रच त्यानंतर बदललं. पण क्युरेर दिलेला रोगी इतका निपचित पडायचा की त्याने शुद्धही हरपते असं मानणारे डॉक्टर तेव्हा होते. याचा निकाल लावला स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने. अमेरिकेत यूटा इथे त्याने स्वतःच टेबलावर झोपून, भुलीचं कोणतंही औषध न घेता, क्युरेर टोचून घेतलं. श्वासाचे स्नायू बंद पडले तेव्हा सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वास दिला. हलवता येईल असा एखादा स्नायू उरला होता तोवर तो खुणेने प्रश्नांची उत्तरं देत राहिला, मग तेही थांबलं. औषध उतरल्यावर त्याने सगळं सांगितलं: कोण काय बोललं, कुठे टोचलं, कुठे दुखलं. एक क्षणही तो बेशुद्ध नव्हता. हे १९४७ साली छापून आलं. बाहेरून बघणाऱ्याला त्याच्याइतका शांत माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्या घरची, सर्पगंधेची. बिहारकडे तिचं मूळ वेडाच्या झटक्यावर द्यायचे, लोक तिला पागल की दवाच म्हणायचे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत सिद्दिकी यांनी तिच्यातली अल्कलॉइडं वेगळी केली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर ती पद्धतशीर वापरून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि सगळ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत रेसर्पिन वेगळं झालं. १९५४ पासून अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते सर्रास देऊ लागले. आरडाओरडा करणारे वॉर्ड गप्प झाले. डॉ. वकिलांचं काम मला इतकं मोठं वाटतं की मुंबईच्या मुलांना ते पहिल्या वर्षालाच शिकवायला हवं असं मी दर बैठकीत म्हणत आले.

पण त्या गप्प वॉर्डात काही रोग्यांचे हात कापायला लागले होते, चेहरे दगडासारखे झाले होते, काहींना उदासीने घेरलं होतं. तिकडे स्वीडनमध्ये आर्विद कार्लसनने १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून, डोळे अर्धवट मिटून बसून राहिले, ढकललं तरी हलेनात. मग त्याने त्यांना, ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते, एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. मेंदूतलं डोपामिन रेसर्पिनने उपसून काढलं होतं म्हणून ते बसले होते. पार्किन्सनच्या रोग्याला आज जी गोळी देतात तिचा धागा त्या सशांपर्यंत जातो. कार्लसनला पुढे, २००० साली, नोबेल मिळालं. आता तू सांग, त्या सशांना अ‍ॅक्टोफोटोमीटरमध्ये ठेवलं असतं तर आकडा किती छान उतरला असता! आणि थिसिसमध्ये आपण काय लिहिलं असतं?

शांतवणारं आणि स्नायू सैल करणारं, अशी ही जोडी जुळली कशी तेही बघून ठेव, कारण तुझ्या शीर्षकात ती सहज आलीय. १९४६ च्या सुमारास फ्रँक बर्गर लंडनला एका औषध कंपनीत पेनिसिलिन टिकवून ठेवणारं रसायन शोधत होता. असंच एक रसायन विषारी आहे का बघायला उंदरांना टोचलं, तर ते लुळे पडले. डोळे उघडे, इकडेतिकडे बघतायत, पण पाय उचलत नाहीत आणि बिचकतही नाहीत. त्याच वाटेने पुढे अमेरिकेत मेप्रोबामेट आलं, मिलटाउन नावाने १९५५ पासून खपलं, आणि लोकांना त्याची सवय लागते हे मागाहून कळलं. मग लिओ स्टर्नबाखची रोशमधली बेंझोडायझेपिनं आली: १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे तुझं डायझेपाम. चिंता कमी करणं, झोप आणणं, झटके थांबवणं, स्नायू सैल करणं, ही चारही कामं एकाच गोळीत. आपल्या सगळ्या प्रयोगांत ‘स्टँडर्ड’ म्हणून तीच असते, आणि म्हणून आपल्या डोक्यात ही चारही कामं एकत्र बसून गेलीत.

ती एकत्र असायलाच हवीत असं मात्र काही नाही. झुरिकच्या म्योलर आणि रुडॉल्फ यांच्या गटाने १९९९ ते २००१ या काळात उंदरांतल्या, डायझेपाम जिथे काम करतं त्या गाबा रिसेप्टरचा एकेक उपप्रकार डायझेपामला दाद देणार नाही असा बदलला. अल्फा-१ बदललेले उंदीर डायझेपामने पेंगेनात, पण त्यांची भीती मात्र कमी व्हायची. अल्फा-२ बदलला तर भीती कमी होणंच थांबलं. स्नायू सैल पडणंही बरंचसं याच अल्फा-२ वर अवलंबून निघालं, फक्त त्याला मात्रा जास्त लागते. बस्पिरोन तर स्नायूंना हातही न लावता चिंता कमी करतं. तेव्हा शंखपुष्पीत खरंच काही असेल तर ते यांतल्या कुठल्या दाराने जातंय, हा प्रश्न तुझ्या थिसिसचा व्हायला हवा.

हे मी एवढं धरून का बसलेय ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. तुझे आजोबा गेल्यावर आजीला झोप लागेना. डॉक्टरांनी रात्रीची एक छोटी गोळी दिली, डायझेपामचीच. झोप लागायला लागली, आम्ही सगळे सुखावलो, आणि ती गोळी घरात राहिली. म्हाताऱ्या शरीरातून डायझेपाम लवकर निघून जात नाही. त्यापासून बनणारा पदार्थही तितकाच गुणी, आणि तो तर दिवसेंदिवस रेंगाळतो. एका पहाटे ती बाथरूमला उठली. दाराच्या कडीला धरायला हात पुढे केला, तो पोचायच्या आत गुडघा मुडपला, आणि खुब्याचं हाड मोडलं. तू तेव्हा शाळेत होतीस. आजीच्या पायाला लावलेली वजनाची पिशवी तू रोज हात लावून बघायचीस. वयस्क माणसांत या गोळ्यांनी पडण्याचा आणि खुबा मोडण्याचा धोका वाढतो हे आता सगळीकडे मान्य आहे. रोटारॉड मोजतो ते हेच पडणं. तुझ्या अर्काने उंदीर दांडीवरून पडायला लागला तर पुढे कधीतरी त्या अर्काची गोळी कुणाच्या आजीच्या उशाशी जाणार आहे, हे लक्षात ठेवून आकडा लिही.

आता कामाचं.

तू किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा दोनच मात्रा घेतल्यायस, कारण २००० पर्यंत विषबाधा दिसली नाही आणि त्या मात्रेचा दहावा-पाचवा हिस्सा घ्यायचा अशी चाल पडलीय. तेवढ्यावर थांबू नकोस. चिंता कमी करणारी मात्रा आणि दांडीवरून पाडणारी मात्रा यांत किती अंतर आहे, हा तुझा मुख्य आकडा. त्यासाठी खाली ५० आणि १०० घे, वर एक मोठी घे. डायझेपामच्याही दोन-तीन मात्रा घे, म्हणजे ते अंतर तिथे किती आहे ते तुझ्याच प्रयोगशाळेत, तुझ्याच उंदरांवर कळेल. उंदीर जास्त लागतील, मान्य. मग गट किती मोठे हवेत याचा हिशेब संख्याशास्त्राच्या माणसाकडून आधीच करून घे आणि तो कमिटीपुढे ठेव. सहाचा गट घ्यायचा कारण सगळे घेतात, हे कारण म्हणून चालायचं नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये जनावरं कमी वापरा म्हणून सांगितलं ते खरंच. पण ज्यातून काहीच कळणार नाही अशा प्रयोगात सहा उंदीर घालवणं मला जास्त क्रूर वाटतं.

शांततेसाठी नुसता अ‍ॅक्टोफोटोमीटर पुरणार नाही. प्लस मेझ जोड. उंचावरच्या चार वाटा, दोन भिंतींच्या, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतीच्या वाटेत दडून बसतो, भीती कमी झाली की उघड्या टोकाशी जाऊन खाली डोकावतो. पाच मिनिटांत तो उघड्यावर किती वेळ होता ते सगळेच मोजतात. तू भिंतीच्या वाटांमधल्या फेऱ्याही मोज. त्या तशाच राहिल्या आणि उघड्यावरचा वेळ वाढला, तर भीती कमी झाली म्हणायला जागा आहे. सगळ्याच फेऱ्या कमी झाल्या तर उंदीर पेंगतोय, आणि तसंच लिहायचं.

स्नायूंबद्दल बोलायचं तर रोटारॉडच्या जोडीला पकडीचा जोर मोज. ग्रिप मीटर तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या कॉलेजात विचार. स्नायू सैल करणारी औषधंही निरनिराळ्या जागी काम करतात: डायझेपाम मेंदू आणि मज्जारज्जूत, बॅक्लोफेन मुख्यतः मज्जारज्जूत, क्युरेर स्नायूच्या दाराशी, डँट्रोलिन स्नायूच्या आत, कॅल्शियम सुटू न देता. पकड घट्ट आणि तरीही उंदीर दांडीवरून पडतोय, असं झालं तर स्नायुशिथिलक हा शब्द शीर्षकातून काढून टाक. गाईडशी मी बोलते हवं तर.

पेंटोबार्बिटलने झोपवून झोप किती लांबली ते बघायचं ठरवलंयस, तिथेही सावध राहा. ते बार्बिट्युरेट यकृतात मोडतं. अर्काने यकृताचं हे काम मंदावलं तरी झोप लांबेल, आणि मेंदूवर काडीचाही परिणाम झालेला नसेल. क्लोरअँफेनिकॉल हे साधं प्रतिजैविक असूनही असंच झोप लांबवतं. शंखपुष्पी दुसऱ्या औषधाच्या कामात ढवळाढवळ करू शकते, हा संशय हवेतला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अपस्माराच्या दोन रोग्यांचे झटके फेनिटॉइन चालू असूनही आटोक्याबाहेर गेले. शोधल्यावर कळलं की दोघं शंखपुष्पीचं सरबत घेत होते. तिथल्या डॉक्टरांनी मग उंदरांच्याच कुळातल्या मोठ्या भावंडांवर, रॅटवर, ते तपासलं. दोन्ही बरोबर दिलं की फेनिटॉइनचा गुण कमी व्हायचा, आणि काही दिवस सतत दिलं की त्याचं रक्तातलं प्रमाणही उतरायचं. १९९२ साली हा निबंध छापून आला. तो तुझ्या संदर्भांत नाही. आजच शोध, वाच. रोग्याच्या तक्रारीवरून प्रयोगशाळेत कसं जायचं याचा तो नमुना आहे.

आणि झाड. काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो शंखपुष्पी आणली असं लिहिलंयस. कुठली? उत्तरेकडचे वैद्य ज्याला शंखपुष्पी म्हणतात तो कॉन्व्हॉल्व्ह्युलस, पांढऱ्या किंवा फिक्कट गुलाबी फुलांचा, जमिनीसरपट. आपल्या माळरानावर पावसाळ्यात बारकी निळी फुलं दिसतात ती विष्णुक्रांत, इव्हॉल्व्ह्युलस. तीही त्याच नावाने विकली जाते. केरळात याच नावाखाली आपली गोकर्ण वापरतात, ती तर शेंगेच्या कुळातली वेल. वाळवून, तुकडे करून पोत्यात भरल्यावर कोण कुठली ते दुकानदारालाही सांगता यायचं नाही. तेव्हा फुलांसकट ओलं झाड मिळव, दोन कागदांत दाबून त्याचं हर्बेरियम शीट कर, आणि पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेत किंवा आघारकर संस्थेत दाखवून नमुन्याचा क्रमांक घे. तो क्रमांक नसेल तर पुढचं सगळं कुठल्या झाडाबद्दल लिहिलंय तेच ठरत नाही.

मात्रेचा एक हिशेब तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. उंदराची किलोमागे ४०० मिलिग्रॅम मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसात आणायची तर १२.३ ने भागायचं. किलोमागे साधारण ३२ मिलिग्रॅम आले; साठ किलोच्या माणसाला जवळजवळ दोन ग्रॅम कोरडा अर्क. शंभर ग्रॅम चूर्णातून दहा ग्रॅम अर्क निघाला असं धरलं तर हे वीस ग्रॅम चूर्ण झालं. वैद्य देतात तीन ते सहा ग्रॅम. तुझा परिणाम फक्त ४०० लाच दिसला, तर परंपरेतल्या वापराला पुष्टी मिळाली असं शेवटच्या प्रकरणात लिहू नकोस. तसंही चरकाने शंखपुष्पी सांगितली ती मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि गुळवेलीच्या पंक्तीत, मेधा वाढवणारी म्हणून. स्नायूंचं नाव तिथे नाही. आपल्या प्रयोगशाळांत रोटारॉड असतो म्हणून स्नायू शीर्षकात येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्क पाजणारा आणि घड्याळ धरणारा माणूस एक नको. बाटल्यांवर मैत्रिणीकडून खुणा करून घे, किल्ली तिच्याकडे राहू दे, सगळे आकडे लिहून झाल्यावर उघडा. तू मन लावून काम करणारी आहेस, आणि मन लावणाऱ्यालाच हवा तो उंदीर आधी पडताना दिसतो. पाजायच्या आधी काही दिवस उंदरांना नुसतं हातात घेत जा. मॅक्गिल विद्यापीठात २०१४ मध्ये दिसलं की खोलीत पुरुष असला, अगदी त्याचा घातलेला टीशर्ट ठेवला, तरी उंदीर ताणाखाली येतात. मग दर दिवशी कोण प्रयोगाला होतं ते लिहायला नको का? वेळही रोज एकच ठेव.

परवा फोनवर तू विचारलंस, आणि आवाजात काळजी होती, की ‘आत्या, रोटारॉडवर काहीच फरक दिसला नाही तर?’

तर प्लस मेझचे आकडे काढून बस. तिथे उघड्यावरचा वेळ वाढलाय आणि दांडीवर उंदीर पूर्वीसारखाच चालतोय, असं निघालं तर तुझ्या हाती मोलाचं काही आलंय. मग आणखी वरच्या मात्रेला तो कधी पडतो ते शोधायचं आणि तो आकडा शीर्षकाच्या खालच्या ओळीत लिहायचा. दोन्हीकडे काहीच निघालं नाही, तर या मात्रांना, या नमुन्याच्या झाडाने, या उंदरांत काही दिसलं नाही, असं पी व्हॅल्यूसकट लिही आणि छापायला पाठव. बाहेरून येणारे परीक्षक व्हायवाला भुवया उंचावतील. त्यांना आधी नमुन्याचा क्रमांक सांग, मग मात्रांचा तक्ता दाखव, मग उड्यांचा वेगळा रकाना. सुधारलेला सिनॉप्सिस रविवारपर्यंत पाठवलास तर सोमवारी वाचून परत करते. ग्रिप मीटरसाठी मी दोन ठिकाणी शब्द टाकलाय.

तुझी,
आत्या